औषधी गांजाच्या फुलातली टर्पिनं : बॅचच्या कागदावरचे आकडे कसे वाचायचे?

कोथरूडकर_श्टुटगार्ट

नमस्कार मंडळी. प्रश्न जर्मनीतला आहे, पण इथं औषधनिर्माण आणि रसायनशास्त्रातली जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारतो.

आई, वय ६८. नागीण बरी झाली, पण बरगडीखालची मज्जातंतूची वेदना मागे राहिली. प्रेगाबालिन चालू आहे, ते पुरेसं पडत नाही. वेदनातज्ज्ञांनी गांजाची औषधी फुलं प्रिस्क्रिप्शनवर दिली आहेत. रात्री व्हेपोरायझरमधून (फूल न जाळता तापवून वाफ देणारं यंत्र) ०.०५ ग्रॅमने सुरुवात करून हळूहळू ०.१ ग्रॅमपर्यंत जायचं आहे. बाकी मार्कुमार (रक्त पातळ करायची गोळी) आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे.

फार्मसीकडून बॅचचा अहवाल मागून घेतला. त्यात असं आहे:

टीएचसी (गांजातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य) २०%, सीबीडी (नशा न आणणारं द्रव्य) १% पेक्षा कमी. एकूण टर्पिनं १.८%. त्यात मायर्सीन ०.६२, बीटा-कॅरियोफायलीन ०.४१, लिमोनीन ०.३१, ह्युम्युलीन ०.१३, लिनालूल ०.१२, अल्फा-पायनीन ०.०७, किरकोळ ०.१४.

नेटवर पाहावं तर जो तो सांगतो: मायर्सीन म्हणजे झोप, लिमोनीन म्हणजे उत्साह, कॅरियोफायलीन म्हणजे वेदनाशमन. अमुक टर्पिनसाठी अमुक तापमान ठेवा असे तक्तेही आहेत. यातलं खरं किती? मायर्सीन जास्त असलेलं फूल मागून घ्यावं का? यंत्राचं तापमान किती ठेवावं? आणि महिनाभरात डबीचा वास बराच उतरलाय, म्हणजे औषधही उतरलं का?

---

उट्रेख्तचा_औषधवाला

कागद मागून घेतलात हे उत्तम केलंत. बहुतेक लोक डबीवरचं नाव वाचून थांबतात.

आधी मुळाकडे जाऊ. टर्पिनं म्हणजे वनस्पतीच्या वासाची द्रव्यं. गांजाच्या मादी फुलावर राळेचे बारीक देठदार थेंब असतात, त्यांतच टीएचसी-सीबीडी आणि टर्पिनं दोन्ही तयार होतात. लहान रेणूंची ती मोनोटर्पिनं: मायर्सीन, लिमोनीन, पायनीन, लिनालूल. मोठ्या रेणूंची ती सेस्क्विटर्पिनं: कॅरियोफायलीन, ह्युम्युलीन. लहान रेणू चटकन उडतात, मोठे रेंगाळतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तीनचार ठिकाणी कामाला येईल.

आता टक्केवारी बाजूला ठेवा आणि मिलिग्रॅममध्ये मोजा. टर्पिनांबद्दलचे निम्मे गैरसमज इथंच गळून पडतात.

०.१ ग्रॅम फूल म्हणजे १०० मिलिग्रॅम. त्यात टीएचसी २० मिलिग्रॅम, मायर्सीन ०.६२, कॅरियोफायलीन ०.४१, लिमोनीन ०.३१ आणि लिनालूल ०.१२ मिलिग्रॅम. सगळी टर्पिनं मिळून १.८ मिलिग्रॅम. शिवाय हे सगळं पोटात किंवा रक्तात जात नाही. व्होल्कॅनो जातीच्या यंत्रावर २००६ साली नेदरलँड्समध्ये मोजणी झाली होती. भरलेल्या टीएचसीपैकी साधारण ५४% वाफेच्या पिशवीत आलं आणि ओढलेल्यापैकी सुमारे एक तृतीयांश उच्छ्वासातून परत बाहेर गेलं. म्हणजे २० मिलिग्रॅममधलं सातेक मिलिग्रॅम आईंच्या शरीरात राहील असं धरा.

आता 'मायर्सीनने झोप येते' या वाक्याचा उगम पाहा. ब्राझीलमध्ये २००२ साली उंदरांवर प्रयोग झाला. किलोमागे २०० मिलिग्रॅम मायर्सीन दिल्यावर बार्बिट्युरेट या झोपेच्या औषधाने आलेली झोप लांबली. उंदराची मात्रा माणसाला लावताना साधारण बाराने भागतात. तसं केलं तर ६० किलोच्या माणसाला मायर्सीन जवळपास १ ग्रॅम लागेल. आईंच्या मात्रेत ते ०.६२ मिलिग्रॅम आहे. दीड हजार पटींचा फरक! गंमत अशी की त्याच प्रयोगात लिमोनीननेही उंदरांची झोप लांबवली होती, तेच लिमोनीन जे 'उत्साहवर्धक' म्हणून विकलं जातं.

'मायर्सीन ०.५% च्या वर गेलं की फूल झोपाळू' हा नेटवरचा नियमही असाच. त्याच्या मागे माणसांवरचा एकही प्रयोग नाही.

मग कागद निरुपयोगी का? अजिबात नाही. मी तो दोन कामांसाठी वाचतो. एक, ओळख पटवायला: मागच्या महिन्याचं फूल आणि या महिन्याचं फूल खरंच एकच आहे का. दोन, ताजेपणा पाहायला. तुमच्या कागदावर मोनोटर्पिनांची बेरीज १.१२ आणि सेस्क्विटर्पिनांची ०.५४, म्हणजे दोनास एक. पुढच्या बॅचमध्ये हेच प्रमाण एकास एक आलं तर समजा की फूल जास्त वाळवलेलं, जुनं, किंवा जंतू मारायला गॅमा किरणांच्या माऱ्यातून काढलेलं आहे.

किरणांच्या नावाने घाबरू नका. गॅमा किरणांनी टीएचसी-सीबीडीला धक्का लागत नाही. काही टर्पिनं १० ते २० टक्क्यांच्या आसपास घटतात, एवढंच. जर्मनीत 'किरणोपचारित' आणि 'न केलेलं' अशी दोन्ही फुलं मिळतात आणि हौशी लोक वासासाठी दुसरं मागतात. पण केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयवरोपण झालेल्या रुग्णाला मी बिनदिक्कत किरणोपचारितच देईन. अशा माणसाच्या फुप्फुसात बुरशीचे बीजाणू जाणं हे लिमोनीन कमी होण्यापेक्षा फार वाईट.

अजून एक युक्ती. कॅरियोफायलीन आणि ह्युम्युलीन गांजात एकाच विकराकडून तयार होतात, म्हणून ते बहुधा तीनास एक या जोडीने चालतात. तुमचे ०.४१ आणि ०.१३ अगदी घरच्यासारखे बसतात. एखाद्या अर्काच्या कागदावर कॅरियोफायलीन भरपूर आणि ह्युम्युलीन जवळपास शून्य दिसलं, तर ते बाहेरून घातलं असावं अशी शंका घ्यायला जागा आहे.

---

अत्तर_आणि_रसायन

औषधवाल्यांशी सहमत. तापमानाचं मी लिहितो, कारण त्या तक्त्यांचा मला भारी राग आहे.

तुम्ही पाहिलेल्या तक्त्यात कॅरियोफायलीन १३० अंश, ह्युम्युलीन १०६ अंश आणि टीएचसी १५७ अंश असं असेल. हे आकडे खोटे नाहीत, पण निर्वात पंपाखाली, अगदी कमी दाबात मोजलेले आहेत. पंपाचा उल्लेख कुठेतरी गळला आणि आकडा तेवढा सगळीकडे पसरला. साध्या हवेच्या दाबाला कॅरियोफायलीन २६० च्या आसपास उकळतं, ह्युम्युलीन त्याच्याही थोडं वर. मोनोटर्पिनांचे आकडे मात्र खरे आहेत: अल्फा-पायनीन १५६, मायर्सीन १६७, लिमोनीन १७६, लिनालूल १९८.

आणि मुळात उत्कलनबिंदूशी एवढं घेणंदेणंच नाही. पाणी शंभरला उकळतं म्हणून दोरीवरचा टॉवेल वाळायचा थांबतो का? गरम हवेचा झोत फुलातून गेला की सगळीच द्रव्यं उकळण्याच्या कितीतरी आधी उडू लागतात. कमी तापमानाला हलकी आधी आणि जास्त, जड सावकाश, एवढाच भेद. 'आता १३० वर कॅरियोफायलीन काढू, मग १५७ वर टीएचसी' असं गवळ्याने साय काढल्यासारखं थरथर वेगळं काढता येत नाही.

व्यवहारात काय करायचं? वैद्यकीय यंत्रं साधारण १८० ते २१० अंशांत चालवतात. १७० च्या खाली वास छान येतो, पण टीएचसी निम्मंशिम्मं फुलातच अडकून राहतं, आणि ते किती राहिलं हे रोज वेगळं. पेशंटसाठी हे वाईट. २३० च्या पुढे फूल करपायला लागतं, म्हणजे धूर आणि घशाची आग. माझ्या मते डॉक्टरांनी किंवा यंत्राच्या पुस्तिकेने सांगितलेलं एक तापमान धरावं आणि महिनोन् महिने बदलू नये. आज १७५, उद्या २०५ असं केलंत तर दुखणं कमी झालं ते मात्रेने की तापमानाने, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

वास उतरण्याबद्दल. मिसिसिपी विद्यापीठात १९९६ साली ताजी फुलं आणि खोलीच्या तापमानाला कागदी पिशवीत ठेवलेली फुलं यांतलं बाष्पनशील तेल मोजलं होतं. ताज्यात ०.२९%, आठवड्याने ०.२०, महिन्याने ०.१६, तीन महिन्यांनी ०.१३. म्हणजे अर्ध्याहून अधिक गेलं. उडालं ते मुख्यतः मोनोटर्पिनांमधलं, त्यामुळे उरलेल्यात सेस्क्विटर्पिनांचा वाटा वाढला. घट्ट झाकणाच्या डबीत इतक्या वेगाने उडत नाही, पण दिशा तीच. टीएचसीचा रेणू जड आहे, तो असा उडून जात नाही. उष्णता आणि उजेडात त्याचं हळूहळू सीबीएन हे सौम्य द्रव्य होतं, त्याला महिने लागतात. तेव्हा वास गेला म्हणजे औषध गेलं असं नाही. पण वास फार लवकर गेला, तर साठवण चुकतेय एवढा इशारा नक्की घ्या.

साठवणीचे नेम: हवाबंद डबी, उजेड नको, २५ अंशांच्या खाली. फ्रीजची गरज नाही. गार डबी उघडली की आत दव धरतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. डीप फ्रीजरमध्ये राळेचे थेंब ठिसूळ होऊन गळतात आणि डबीच्या तळाशी पूड साचते, मग वरची मात्रा हलकी आणि तळाची जड. फूल वापरायच्या वेळीच बारीक करा. आठवडाभराचं एकदम दळून ठेवणं म्हणजे मिरपूड उघडी टाकणं. जर्मन फार्मसी पुष्कळदा फूल बारीक करून, चाळून, मापाच्या चमच्यासकट देते. ते मोजायला सोपं पडतं, पण वास भराभर उतरतो. तुमच्या डबीत असंच असेल तर महिनाभरात वास जाण्याचं कोडं तिथंच सुटलं. आईंचा हात थरथरत नसेल आणि घरी ०.०१ ग्रॅमपर्यंतचा वजनकाटा असेल, तर न दळलेलं मागा.

जाता जाता आंब्याबद्दल. 'मायर्सीनसाठी आधी आंबा खा, मग गांजा चढतो' असं इंग्रजी साइटवर फार लिहितात. आपल्या हापूसच्या वासात मायर्सीनपेक्षा ओसिमीन हे वेगळंच टर्पिन पुढे असतं. तेव्हा त्या नावाखाली पेटी मागवू नका. आंबा आंब्यासाठी खा.

---

मुद्दा_वेगळा

वर सगळं टर्पिनांच्या विरोधात चाललंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

१. बीटा-कॅरियोफायलीन सीबी-२ ग्राहीला (गांजाची द्रव्यं शरीरात ज्या जागांना चिकटतात त्यांपैकी एक) थेट चिकटतं, हे २००८ साली सिद्ध झालंय. ते केवळ वासाचं द्रव्य नाही.

२. २०२१ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या उंदरांवरच्या कामात काही टर्पिनांनी स्वतःच वेदना कमी केली, आणि गांजासदृश द्रव्याबरोबर दिल्यावर परिणामाची बेरीज दिसली.

३. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने माणसांवर प्रयोग केला. टीएचसीच्या वाफेत लिमोनीन मिसळल्यावर लोकांची घाबरगुंडी कमी झाली. हा तर उंदीरही नाही, माणूस आहे!

एन्टूराज परिणाम, म्हणजे सगळी द्रव्यं एकत्र असताना होणारा एकत्रित परिणाम, इतका सहज झटकून टाकू नये.

---

उट्रेख्तचा_औषधवाला

दादा, तिन्ही संदर्भ बरोबर आहेत, झटकत नाही. फक्त मात्रेचा गुणाकार प्रत्येकावर करून पाहू.

हॉपकिन्सचा प्रयोग मला स्वतःला फार आवडला, कारण तो शिस्तीत केला आहे. २० निरोगी प्रौढ. टीएचसी १५ किंवा ३० मिलिग्रॅम. लिमोनीन १ किंवा ५ मिलिग्रॅम. त्यांतल्या १२ जणांना ३० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर १५ मिलिग्रॅम लिमोनीन दिलं. घबराट आणि संशय सर्वांत ठळकपणे कमी झाले ते या शेवटच्या जोडीत. तिथं लिमोनीन आणि टीएचसीचं प्रमाण एकास दोन. इथल्या आईंच्या फुलात ते ०.३१ ला २०, म्हणजे साधारण एकास पासष्ट. फुलातून एकास दोन गाठायचं तर २०% टीएचसीच्या फुलात १०% लिमोनीन हवं. चांगल्या फुलातली सगळी टर्पिनं मिळून १ ते ३ टक्के भरतात. म्हणजे प्रयोग खरा, पण तो लिमोनीन नावाच्या औषधाचा आहे, फुलाचा नाही.

कॅरियोफायलीनचंही तसंच. सीबी-२ ला ते चिकटतं, मान्य. पण स्वयंपाकघरातल्या एका लवंगेत ते १ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आईंच्या रात्रीच्या मात्रेत ०.४१. लवंग पोटात जाते आणि वाफ फुप्फुसात, हा फरक आहेच. तरी मसालेभाताने कुणाची नागिणीची वेदना थांबल्याचं ऐकिवात नाही.

आणि उंदराच्या प्रयोगांसमोर सिडनीचं २०१९ चं आणि न्यूझीलंडचं २०२० चं कामही ठेवा. पेशींवर तपासलं तेव्हा नेहमीच्या टर्पिनांनी टीएचसीचं ग्राहीशी असलेलं काम बदलल्याचं दिसलं नाही. चित्र अजून अर्धवट आहे. 'एन्टूराज' हा शब्दसुद्धा १९९८ साली इस्रायली रसायनशास्त्रज्ञ मेकूलम यांच्या गटाने वापरला तो शरीरातल्याच मेदद्रव्यांसाठी, फुलातल्या वासासाठी नव्हे. वनस्पतीला तो नंतर चिकटला.

आता सर्वांत महत्त्वाचा आकडा. युरोपीय औषधकोशात गांजाच्या फुलासाठी २०२४ पासून जो मजकूर लागू आहे, त्यात टीएचसी लेबलपेक्षा १०% इकडेतिकडे चालतं. म्हणजे '२०%' लिहिलेल्या फुलात १८ ते २२. आईंच्या ०.१ ग्रॅममध्ये हा फरक ४ मिलिग्रॅमचा होतो. सगळी टर्पिनं एकत्र केली तरी १.८! डबी बदलल्यावर 'हे जास्त लागलं' असं वाटलं, तर मी आधी टीएचसीकडे बोट दाखवीन.

---

कोथरूडकर_श्टुटगार्ट

डोळे उघडले. धन्यवाद. आणखी दोन शंका.

'इंडिका' की 'सटायव्हा' हे तरी पाहावं का? आणि लिनालूल इतकं कमी आहे तर व्हेपोरायझरमध्ये फुलावर लव्हेंडर तेलाचा एक थेंब टाकला तर चालेल का? एका ग्रुपवर हा सल्ला मिळाला.

---

अत्तर_आणि_रसायन

थेंब अजिबात नको! तो सल्ला देणाऱ्याला एकदा थेंबाचं वजन करायला सांगा.

लव्हेंडर तेलाचा एक थेंब साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम भरतो. त्यात लिनालूल तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ८ ते १० मिलिग्रॅम. फुलातल्या ०.१२ पुढे सत्तर-ऐंशी पट. गरम, दाट टर्पिनांची वाफ श्वासनलिकेला झोंबते. दमा असणाऱ्याची छाती आवळू शकते. दुसरं, उघडून ठेवलेल्या बाटलीतलं लिनालूल आणि लिमोनीन हवेशी संयोग पावून हायड्रोपेरॉक्साइडं बनतात. ती त्वचेला अ‍ॅलर्जी करतात, म्हणूनच युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर ही दोन नावं छापावी लागतात. तिसरं, यंत्राचे प्लास्टिकचे भाग आणि सील या तेलांनी मऊ पडतात.

प्रिस्क्रिप्शनचे तेलकट थेंब, म्हणजे तोंडावाटे घ्यायचा अर्क, तोही वाफेच्या यंत्रात कधीच घालू नका. खाद्य तेल फुप्फुसात गेलं की तेलाचा न्यूमोनिया होतो. बाजारातल्या टर्पिन मिसळलेल्या कार्ट्रिजही (अर्क भरलेल्या तयार नळ्या) नकोत. २०१७ मध्ये पोर्टलंडच्या विद्यापीठात टर्पिनं फार तापवल्यावर मेथाक्रोलीन आणि बेंझीन तयार होताना आढळलं. ते तापमान फुलाच्या यंत्रापेक्षा बरंच वरचं, पण स्वस्त कार्ट्रिजचं तापमान तपासायला कोण बसलंय?

आईंना लव्हेंडरचा वास आवडत असेल तर उशीजवळ कापसाचा बोळा ठेवा. आणि अस्वस्थतेसाठी लव्हेंडर औषध म्हणूनच घ्यायचं तर जर्मनीत ८० मिलिग्रॅम तेलाची कॅप्सूल फार्मसीत मिळते, डॉक्टरांना विचारून. मात्रा पाहा: ८० मिलिग्रॅम. फुलातल्या लिनालूलच्या शेकडो पट. धण्यांचा वासही मुख्यतः लिनालूलचाच आहे, पण धण्याचं पाणी पिऊन कुणी पेंगलेलं दिसत नाही.

इंडिका-सटायव्हा : लिनियसने १७५३ मध्ये सटायव्हा नाव दिलं, लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यावरून इंडिका. ती नावं झाडाच्या ठेवणीवरून होती. आजची फुलं सगळी संकरित. २०२१ मध्ये कॅनडा आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा या लेबलांचा जनुकांशी फारसा मेळ बसला नाही, मोजक्या टर्पिनांशी थोडाफार बसला. म्हणजे लेबल लावणारा बहुधा नाकाने लावतो. तुमच्याकडे कागद असताना त्या लेबलाची गरजच नाही.

---

डॉक्टरीण_बाई

वासाच्या चर्चेत खरा धोका मागे पडतोय, म्हणून लिहिते.

मार्कुमार! हे औषध यकृतात ज्या विकरांनी मोडतं, त्यांच्याशी टीएचसी आणि विशेषतः सीबीडी झगडतात. याच जातीच्या वॉरफरिनबरोबर गांजा सुरू केल्यावर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याचं माप) वर गेल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. आईंच्या फुलात सीबीडी नगण्य आहे हे बरं, पण पुढे कुणी 'सीबीडी तेल जोडीला घ्या' म्हणालं तर आधी आयएनआर बघणाऱ्या डॉक्टरांना सांगा. फूल सुरू करताना, मात्रा वाढवताना आणि बंद करतानाही आयएनआर नेहमीपेक्षा लवकर, दर आठवड्याला तपासून घ्यायची विनंती करा. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, कारण नसताना निळे डाग दिसले तर वाट पाहू नका.

दुसरं, पडणं. प्रेगाबालिन, रक्तदाबाची गोळी आणि टीएचसी तिन्ही मिळून उभं राहताना चक्कर आणतात. रक्त पातळ असलेली ६८ वर्षांची बाई रात्री बाथरूमला जाताना पडली तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. वाफ पलंगावर बसूनच घ्यायची, त्याआधी लघवी उरकायची, आणि निदान पहिले दोन आठवडे रात्री उठताना सोबत हवी. पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून मगच उभं राहायचं.

आणि झोपेचंच म्हणाल तर वाफेचा असर काही मिनिटांत चढतो आणि दोन ते चार तासांत उतरतो. अकराला घेतलं तर दोन-तीनला वेदनेने जाग येणारच. लोक तेव्हा 'जास्त मायर्सीनवालं फूल हवं' म्हणतात. हवा असतो तो वेगळा औषधप्रकार. तोंडावाटे घ्यायच्या थेंबांचा असर तासा-दोन तासांनी सुरू होतो, पण सहा ते आठ तास टिकतो. ड्रोनाबिनॉल हे निव्वळ टीएचसी, त्यात टर्पिन औषधालाही नसतं. अर्क करताना जो ताप देतात त्यात मोनोटर्पिनं बरीचशी उडून जातात. तरी पुष्कळ रुग्णांची रात्र या थेंबांवर निघते. पुढच्या भेटीत हा पर्याय विचारा. मात्र स्वतःहून फूल आणि थेंब एकत्र सुरू करू नका.

---

कोथरूडकर_श्टुटगार्ट

डॉक्टरीणबाई, आयएनआरचं कुणीच बोललं नव्हतं. उद्याच फोन करतो. एक शेवटचं: डिसेंबरात पुण्याला लग्नासाठी तीन आठवडे जायचं आहे. प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन औषध नेता येईल ना? नाहीतर पुण्यात 'विजया' तेल मिळतं म्हणे, त्यात तीच टर्पिनं असतील का?

---

वैद्यबुवा_सदाशिव

नेऊ नका. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून औषधी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा फुलोऱ्याला, 'कोणत्याही नावाने ओळखला जावो', गांजाच म्हणतो. परदेशी प्रिस्क्रिप्शनने तो बदलत नाही. शेंगेन देशांत औषध नेण्याचा जो दाखला मिळतो तो मुंबईच्या विमानतळावर रद्दी कागद आहे. दुबई-अबूधाबीमार्गे जाणार असाल तर तिथला कायदा आणखी कडक. वापरलेलं यंत्रसुद्धा राळ चिकटलेली असेल तर घरीच ठेवा.

विजया म्हणजे भांगेचं पान. त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत शेंडा सोबत नसलेलं पान आणि बी येत नाही, म्हणून आयुर्वेदाच्या परवान्याखाली पानाचा अर्क औषध म्हणून बनतो. औषधकायद्याच्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे, त्यामुळे तो वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यायचा. महाराष्ट्रात नुसती भांग बाळगायलाही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. उत्तरेतल्यासारखी ठेल्यावरची गोष्ट इथं नाही.

टर्पिनांचं विचाराल तर पानात राळेचे थेंब फुलापेक्षा फार कमी, म्हणून वासही मंद. त्यात आमच्या शोधनाच्या पद्धतीत भांग पाण्याने वारंवार धुतात, वाळवतात आणि गाईच्या तुपात मंद आचेवर परततात. त्यात उडणारा वास उडून जातो. जुन्या वैद्यांना वास टिकवायचाच नव्हता. तुपात परतल्यावर पानातलं टीएचसीचं आम्लरूप तापून कामाच्या रूपात येतं आणि तुपात उतरतं, हे आजच्या भाषेत सांगता येईल. तेव्हा विजया तेल हा तुमच्या फुलाचा 'भारतीय पर्याय' समजून मिलिग्रॅमला मिलिग्रॅम बदलू नका. पुष्कळ बाटल्यांवर 'अर्क इतके मिलिग्रॅम' असतं, त्यातलं टीएचसी किती ते नसतं. मार्कुमार चालू असताना तर मी ते देणारच नाही.

तीन आठवड्यांसाठी वेदनेची तजवीज जर्मनीतल्या डॉक्टरांकडूनच करून घ्या: प्रेगाबालिनची मात्रा, लिडोकेनची पट्टी, जे त्यांना योग्य वाटेल ते. आयएनआर पुण्यात कुठल्याही लॅबमध्ये होतो.

---

उट्रेख्तचा_औषधवाला

वैद्यबुवांना अनुमोदन. परत आल्यावरचं राहिलं. तीन आठवड्यांच्या खंडाने टीएचसीची सवय उतरलेली असते. आल्या रात्री ०.१ ग्रॅम देऊ नका. डॉक्टरांना विचारून ०.०५ किंवा त्याहून खालून चढा. तोवर डबीही बहुधा बदललेली असेल. जर्मनीत एखादं फूल महिनोन् महिने संपलेलं असणं नेहमीचंच आहे, आणि फार्मसी 'साधारण तसंच' दुसरं सुचवते.

तेव्हा नवा कागद जुन्याशेजारी ठेवा. टीएचसी-सीबीडी जुळतात का, पहिली दोन-तीन टर्पिनं तीच आणि त्याच क्रमाने आहेत का, ते पाहा. मायर्सीन-कॅरियोफायलीनच्या जागी टर्पिनोलीन पहिलं आलं, तर वनस्पतीच वेगळी आहे, नाव काहीही असो. एकक तपासा. कुणी टक्के लिहितं, कुणी ग्रॅममागे मिलिग्रॅम, आणि '१८' वाचून लोक घाबरतात. ग्रॅममागे १८ मिलिग्रॅम म्हणजे तेच १.८%.

वहीत रोजचे पाच रकाने पुरेत: बॅच क्रमांक, वजन आणि तापमान, घेण्याआधीची वेदना दहापैकी, तासाभरानंतरची वेदना, रात्री किती वेळा जाग आली. चक्कर किंवा घबराट असेल तर शेजारी खूण. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान चार रात्री थांबा. वासाबद्दल लिहायचं तर 'आवडला/नाही' एवढंच लिहा. ज्या वासाने मळमळतं ते फूल आई टाळतीलच, आणि न घेतलेलं औषध कुठल्याच कागदाने लागू पडत नाही.